बाजूची सीट

तेरेखोलच्या धक्क्यावर गौरवीची गाडी पुन्हा बंद पडली.

केरीहून निघालेली फेरीबोट पलीकडे टेकली होती. स्कूटरी फुर्रकन वर चढून गेल्या, मासळीचा टेम्पो गेला, आणि गौरवीची जुनी पांढरी गाडी मात्र अर्धी बोटीच्या लोखंडी फळीवर आणि अर्धी चढावर अडकून बसली. क्लच सोडला की ती एक गचका देई, गप्प होई, आणि हळूच… मागे सरके. मागे एक निळी गाडी होती. निळ्या गाडीच्या मागे नदी.

निळ्या गाडीतून एक तरुण उतरला आणि तिच्या खिडकीशी वाकला.

"मॅडम, तुमची गाडी माझ्या गाडीच्या पाया पडायला येतेय. मी आशीर्वाद देऊ, की तुम्ही हँडब्रेक ओढता?"

गौरवीने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं होतं. "तुम्ही हॉर्न वाजवलात म्हणून बंद पडली."

"मी हॉर्न वाजवलाच नाही."

"मग… वाजवणार होता."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती, आणि अशा वेळी आपण खळी बघतोय म्हणून गौरवीला स्वतःचाच राग आला.

"ओढा हँडब्रेक. आता पहिला गिअर. क्लच हळू सोडा… अजून हळू. थोडी रेस द्या. गाडीचं नाक जरासं वर उचलतंय, कळतं का? — आता हँडब्रेक खाली."

गाडी चढली. खरंच चढली! थांबलो तर पुन्हा बंद पडू या भीतीने गौरवी मागे वळूनसुद्धा न बघता थेट वर, किल्ल्याच्या वळणावर सपाट जागा लागेपर्यंत गेली. निळी गाडी मागोमाग येऊन शेजारी उभी राहिली.

"थँक्यू म्हणायची पद्धत नाही वाटतं तुमच्या गावात?"

"आहे. पण डिचोलीत चढावर थांबून म्हणत नाहीत."

एप्रिल होता. डोंगरभर काजू पिकले होते, आणि बोंडूंचा तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास दोघांच्या मधून वाहत होता. गौरवी पेडण्याच्या कृषी कार्यालयात नुकतीच लागली होती. काजूच्या बागा बघत फिरणं हेच तिचं काम, म्हणून तर गाडी शिकायची एवढी घाई. तो प्रज्योत, पार्सेचा. मोप्याच्या विमानतळावर सुपरवायझर. आज सुट्टी म्हणून रेडीला मामाकडे निघाला होता.

"परत कधी?" त्याने विचारलं.

"का?"

"केरीच्या बाजूलाही चढ आहे."

गौरवी तेव्हा पहिल्यांदा हसली.

दुपारी ती परत धक्क्यावर आली तर निळी गाडी सावलीत उभी होती, आणि तो बोनेटला टेकून शहाळं पीत होता.

"मामा घरी नव्हते?"

"होता की. जेवायला थांब म्हणून मागेच लागला होता."

"मग?"

"मग काय…" त्याने शहाळ्यात बघितलं. "चढ आहे ना."

---

मग रविवार सुरू झाले.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी गौरवीला दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊच दिलं नव्हतं. प्रज्योत तिला मोप्याच्या सड्यावर, डोंगरावरच्या पठारावर, नेई. वर लांबच लांब मोकळा नवा रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची तांबडी माती आणि डोक्यावर सगळीकडून आभाळ. गौरवी गाडी चालवी, तो बाजूला बसे.

"पायाकडे बघू नको. पाय कुठे पळून जात नाही. लांब बघ, त्या झाडाकडे."

"झाडाकडे बघितलं तर झाडावर जाईन."

"जा. मी आहे ना बाजूला."

तिसरा गिअर. मग त्याचा हात तिच्या हातावर, हलकाच, आणि चौथा. इंजिनाचा त्रासलेला आवाज एकदम निवला, जणू कुणी डोक्यावरचा भारा खाली उतरवला. स्टीअरिंग बोटांत हलकं झालं. गौरवीने श्वास रोखून धरला होता.

"कसं वाटतंय?"

"आपण जात नाही रे… रस्ताच आपल्याकडे येतोय."

"आणि?"

"आणि पोटात… जत्रेतला पाळणा वरून खाली येताना होतं ना, तसं."

"म्हणजे भीती?"

"नाही," ती म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "भीती नाही. पाळणा मीच फिरवतेय ना!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. रस्त्याकडे बघत असूनही गौरवीला ते समजत होतं. बाजूने कुणी बघत असलं की कान कसे गरम होतात, हे तिला त्या उन्हाळ्यात कळलं.

मे महिन्याच्या शेवटी, त्याच सड्यावर, प्रज्योत एकदम म्हणाला, "गौरवी, गाडी बाजूला घे जरा."

"का? काही चुकलं?"

"नाय. बोलायचं आहे."

"बोल की. ऐकतेय मी."

"चालवताना नको. दचकशील."

"मी आता नाही दचकत."

"बरं… मग ऐक. तू मला आवडतेस."

गौरवीचा पाय ब्रेकवर पडला आणि क्लच राहिला. चौथ्या गिअरमधली गाडी जोरात गचका खाऊन रस्त्याच्या मधोमध बंद पडली. दोघं पुढे ढकलली गेली. क्षणभर काहीच आवाज नाही… आणि मग दोघंही हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सांगत होतो ना!"

"आता तूच चालव," गौरवी म्हणाली. "माझे पाय थरथरतायत."

हेच तिचं उत्तर, हे त्यालाही समजलं. उठून जागा बदलताना त्याने गाडीच्या पुढून वळसा घेतला, तिनेही पुढूनच घेतला, आणि बोनेटसमोर दोघं समोरासमोर आली. तेवढंच. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे केले. तेवढंच.

---

पावसाळ्यात गौरवी रोज एकटी गाडी नेऊ लागली. डिचोलीहून अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ आणि पेडणे. सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल भोंपू वाजवत मध्येच वळायची. बस हात न दाखवता थांबायची. पावसात गुरं शेतात राहायची नाहीत, रस्त्यावर येऊन बसायची, आणि हॉर्न वाजवला की रवंथ करत बघायची. गौरवीला हळूहळू सगळ्यांचे स्वभाव कळले. कुठे वेग धरायचा, कुठे सोडायचा, हे तिच्या आधी तिच्या पायाला समजायला लागलं. वायपरच्या तालावर ती गुणगुणायची. गाडी म्हणजे ऑफिसला जायची सोय राहिली नव्हती. घर आणि ऑफिस यांच्या मधलं ते तासाभराचं आयुष्य फक्त तिचं होतं.

आणि प्रज्योत? प्रज्योत गोड होता. पाऊस जास्त असला की फोन करायचा. "पोचलीस?" पोचल्यावर पुन्हा, "जेवलीस?" त्याच्या आवाजाने गौरवीचा दिवस उजळायचा.

फक्त कधीकधी…

म्हापशाच्या बाजारात एकदा दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिने एका दमात गाडी लावली. तो म्हणाला, "नशीब चांगलं आहे तुझं." पुढच्या आठवड्यात तिने तशीच लावली. तेव्हा तो काहीच म्हणाला नाही.

आणि धक्क्यावरची ती गोष्ट. कुणीही भेटलं की प्रज्योत ती रंगवून सांगायचा. "धक्क्यावर हिची गाडी रडत होती, आणि ही गाडीपेक्षा जास्त!" गौरवीही हसायची. तुळशीच्या लग्नानंतर पार्सेला साखरपुडा झाला, तेव्हा त्याने ती सगळ्या पाहुण्यांसमोर पुन्हा सांगितली.

"आता मी तो चढ बोलत बोलत चढते," गौरवी सहज म्हणाली. पाहुणे हसले. प्रज्योतचं हसू मात्र ओठांवरच राहिलं.

त्याची आई, भाग्यलक्ष्मी, फार बोलणारी नव्हती. तिने गौरवीला आतल्या खोलीत नेलं, तिच्या केसांत अबोलीची वेणी माळली, हनुवटीला हात लावून बोटं आपल्या ओठांना टेकवली. "आई म्हण माका," एवढंच म्हणाली. बाहेरून नवऱ्याची, शिवदासांची हाक आली तशी लगबगीने निघून गेली.

त्या संध्याकाळी प्रज्योत म्हणाला, "लग्नानंतर तुझी ही गाडी काढून टाकूया."

"का रे?"

"दोन कशाला? मी सोडीन तुला ऑफिसला. मी आणीन. राणीसारखी बसून राहा."

किती प्रेमाने म्हणाला तो! गौरवीला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी कुठेतरी कुसळ टोचल्यासारखं झालं. "बघूया," ती म्हणाली.

---

लग्नाची खरेदी म्हापशाला झाली. गौरवी आपल्या गाडीत होती, सोबत ऑफिसातली मैत्रीण दिपाली. प्रज्योतबरोबर त्याचा मित्र तुषार. परतताना दिपालीला पेडण्याला सोडायचं होतं; निळी गाडी पुढे, पांढरी मागे. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर रस्ता रुंद झाला. प्रज्योत तुषारशी बोलत आरामात चालवत होता. गौरवीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि अलगद पुढे गेली. जाताना तिने हात हलवला. दिपालीने काच खाली करून ओरडून सांगितलं, "येवा रे मागसून सावकाश!"

ती केवळ गंमत होती. आरशात लहान होत जाणारी निळी गाडी बघून गौरवी हसत होती, तिला प्रज्योतवर भारी प्रेम येत होतं. तूच शिकवलंस बघ, असं तिला म्हणायचं होतं.

पेडण्याच्या बाजारात सगळे चहाला थांबले. तुषारला हसू आवरत नव्हतं. "काय रे प्रज्योत! शिकवलंस तू, आणि धूळ खातंस पण तूच? लग्नानंतर तुझा काय खरां नाय!"

चहावाला हसला. बाजूच्या टेबलावरचे हसले. प्रज्योतही हसला. पण त्याचे कान लाल झाले होते.

दिपाली आणि तुषार गेल्यावर तो म्हणाला, "तुझी गाडी राहू दे इथे ऑफिसकडे. मी सोडतो तुला डिचोलीला."

गौरवी खूश झाली. दुपार कलत होती. तासभर दोघंच असणार होती.

धारगळपर्यंत तो काही बोलला नाही. हमरस्ता लागला आणि गाडीने वेग घेतला. गौरवीला आधी काही वाटलं नाही. मग कडेची झाडं सुटी सुटी दिसायची बंद झाली.

"एवढी घाई कशाला?"

"घाई कुठे?"

"प्रज्योत, जरा हळू."

काटा वर सरकला.

"अरे, हळू ना…"

आणखी वर.

तेव्हा तिला कळलं. तिचं प्रत्येक 'हळू' थेट त्याच्या पायात जात होतं. ती गप्प झाली. पूल गेला. थिवीकडे वळल्यावर रस्ता अरुंद झाला, तरी वेग तोच. समोर बस होती, पुढे वळण होतं, आणि वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. प्रज्योत बसच्या बाजूने पुढे घुसला. समोरून एक स्कूटरवाला आला आणि भेदरून रस्ता सोडून गवतात उतरला. गौरवीने मान वळवून मागे बघितलं. तो उभा होता, हातवारे करून शिव्या देत होता. सुखरूप होता.

गौरवीचा उजवा पाय खाली रेटला गेला होता, जिथे ब्रेक नव्हता तिथे. हात मांडीवर होते, जिथे स्टीअरिंग नव्हतं. बाजूच्या सीटवर माणसाजवळ काहीच नसतं. वेग तोच, सड्यावरचा, पण पोटातला पाळणा गेला होता आणि त्या जागी दगड येऊन बसला होता. तिने प्रज्योतकडे बघितलं. त्याचा चेहरा शांत होता. तेच सगळ्यात भयंकर होतं. तो रागाने बेभान झाला नव्हता. त्याला सगळं नीट दिसत होतं… रस्ता, बस, स्कूटर. आणि ती.

"कळलं आता?" तो हळू आवाजात म्हणाला. "पुढे जाणं म्हणजे काय ते?"

अस्नोड्याजवळ रस्त्यात गुरं बसली होती. त्याला ब्रेक मारावाच लागला. गाडी थांबताच गौरवीने पट्टा सोडला, दार उघडलं आणि ती खाली उतरली.

"काय करतेस?"

"उतरले."

"डिचोली लांब आहे अजून."

"बस मिळेल."

"गौरवी, चेष्टा केली गो. तमाशा नको. लोक बघतायत."

"बघू देत."

तो थोडा वेळ थांबला. गुरं उठली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि निळी गाडी निघून गेली.

बसमध्ये गौरवी खिडकीशी बसली. रडू आलं नाही. फक्त तिचा उजवा पाय डिचोली येईपर्यंत खाली रेटलेलाच होता.

---

"गाडी आपटली?" तिने लग्न नको म्हटल्यावर बाबांनी, कृष्णनाथांनी, विचारलं.

"नाही."

"कोणाक लागला?"

"नाही."

"दारू पिवन होतो?"

"नाही, बाबा."

"मगे?"

 काही झालंच नव्हतं ना! कुठे रक्त नाही, खरचटलेलं नाही, गाडीला ओरखडा नाही. आई, मालती, तिच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. "गो, पोरगे सगळेच वेगान चालयतत. तेवढ्यासाठी सोयरीक मोडतत? गावभर आमंत्रणा गेली आसत. लोकांक काय सांगायचा… जावय गाडी जोरात चालयता?"

आईने ते असं म्हटलं की, गौरवीला स्वतःलाच ते हसण्यासारखं वाटलं.

आणि खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. तिला प्रज्योतची भयंकर आठवण येत होती. फोन वाजला की काळीज हलत होतं. 'सॉरी,' तो लिहायचा. 'जेवलीस?' लिहायचा. तिची बोटं उत्तर लिहायची आणि पुसायची.

एके दिवशी दुपारी तो ऑफिसात आला. मागे हिरव्या जाळीखाली काजूच्या कलमांची रोपं ठेवली होती. गौरवी तिथेच होती, हात मातीने भरलेले. तो दाढी न करता आला होता. खळी दिसत नव्हती.

"चुकलो मी," तो म्हणाला. "परत कधी नाही होणार."

"पण का केलंस, प्रज्योत? एवढंच सांग."

त्याने एका रोपाचं पान बोटांत धरलं. "तू पुढे गेलीस… सगळे हसले. मला वाटलं, आता हिला माझी गरज काय?"

"गरज होती म्हणून आवडले होते मी तुला?"

त्याने पान सोडलं.

"मी घाबरले होते. ते दिसलं तुला?"

"दिसलं."

"मग?"

तो खोटं बोलू शकला असता. गौरवी मनातल्या मनात अक्षरशः हात जोडून उभी होती… बोल ना रे खोटं! पण प्रज्योत तिच्याशी खोटं बोलत नसे. तेच तर तिला त्याचं आवडायचं.

"मग… बरं वाटलं मला," तो म्हणाला. "एक क्षणच, गौरवी. देवाशपथ, एकच क्षण."

जाळीवर ऊन तापत होतं. गौरवीने मातीच्याच हाताने अंगठी काढली. ती सहज निघाली नाही, बोट ओरबाडलं.

"मी बदलीन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"बदलशीलही. पण रोज गाडीत बसायच्या आधी मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल… आज कसा आहेस ते. मला तसं जगायचं नाही, प्रज्योत."

त्याने अंगठी घेतली. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि ते पुसायला तिचा हात आपसूक उचलला गेला. तिने तो तसाच खाली घेतला. माती होती हाताला.

---

पुढच्या एका रविवारी सकाळी डिचोलीच्या घरासमोर भाग्यलक्ष्मी येऊन उभी राहिली. एकटी, बसने. हातात पिशवी होती. साखरपुड्याला गौरवीच्या घरून गेलेलं चांदीचं निरांजन आणि साडी परत करायला आली होती. मालतीने चहा दिला. दोघीही कपाकडे बघत बसल्या. चहा संपला तशी भाग्यलक्ष्मी निघाली.

"रविवारी बस लवकर नाही मिळायची," गौरवी म्हणाली. "मी सोडते."

"नको गो…"

"चला, मावशी."

'मावशी' ऐकून ती बाई क्षणभर थबकली. मग गाडीत बसली.

डिचोलीबाहेर पडल्यावर गौरवीने बाजूला बघितलं. भाग्यलक्ष्मीने डोळे घट्ट मिटले होते. ओठ हलत होते. रिकाम्या पिशवीचे बंद तिने दोन्ही हातांनी आवळून धरले होते.

"मावशी, बरं नाही वाटत? थांबवू?"

"नाय गो. सवय ती."

"कसली?"

"डोळे मिटून बसूची. ह्यांच्या गाडयेत बसलंय की मिटतंय. आता झिलाच्या, प्रज्योतच्या गाडयेतय मिटतंय."

गौरवीच्या हातांतलं स्टीअरिंग जड झालं. "हळू चालवा म्हणून… कधी सांगितलं नाहीत?"

"सुरवातीक सांगी होतंय." तिने पिशवीचे बंद आणखी आवळले. "मगे कळला, सांगला की जास्तच वाढवतत."

 गौरवीने फक्त पुढे बघितलं, आणि गाडी जशी नेहमी चालवायची तशीच चालवत राहिली, ना हळू ना जोरात. अस्नोडा गेलं. थिवी गेली. केव्हातरी पिशवीचे बंद सैल झाले. कोलवाळच्या पुलावर नदीवरून वाऱ्याचा झोत आत आला आणि भाग्यलक्ष्मीने डोळे उघडले.

"अगो बाय… ही न्हंय एवढी रुंद आसा?"

"कितीदा गेलात इथून, मावशी?"

"देवाक ठावक!" ती म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडली. गौरवीने झटकन मान वळवली.

मग भाग्यलक्ष्मी बघतच राहिली. नदीतले होडके, माडांचे शेंडे, धारगळची शेतं, एका घरासमोर वाळत घातलेल्या मिरच्या. लहान मुलीसारखी काचेला नाक लावून. पार्सेचा फाटा आला तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "इतक्यात घराक नको. जरा पुढे घे, देवळाकडसून वळान येवया."

गौरवीने देवळाकडून वळसा घेतला. मग आणखी एक घेतला. दुसऱ्या वळशाचं कुणी सांगितलं नव्हतं.

घरासमोर निळी गाडी उभी होती. बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, प्रज्योत बसला होता. पांढरी गाडी बघून तो ताडकन उठला, एक पायरी उतरला आणि तिथेच थांबला. भाग्यलक्ष्मीने दाराच्या कडीला हात लावला, पण ती उतरली नाही.

"खरां सांगू? निरांजन निमित्ताक होता," ती समोर बघत म्हणाली. "मी तुका सांगूक इल्लंय, परत ये म्हणान. घरात माझ्या सोबतीक कोणतरी हवा होता. वाटेत सांगतलंय असा ठरवलेलंय."

 भाग्यलक्ष्मीने आता तसं म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते गौरवीलाही ठाऊक नव्हतं. समोर तो पायरीवर उभा होता. एका हाकेच्या अंतरावर.

"आता नाय सांगूचंय," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

तिने गौरवीच्या हनुवटीला हात लावला, उतरली, दार नीट लावलं आणि मुलाच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता घरात निघून गेली.

प्रज्योत बघत होता. गौरवीनेही एकदा त्याच्याकडे बघितलं, डोळे भरून, जेवढं बघायचं होतं तेवढं. मग रिव्हर्स टाकला.

धारगळच्या पुढे तिला गाडी कडेला घ्यावी लागली. समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता. बाजूने ट्रक जात होते, बस जात होत्या, सगळे आपापल्या वेगाने, आणि गौरवी इंडिकेटर तसाच चालू ठेवून, स्टीअरिंगवर डोकं टेकून, कितीतरी वेळ रडत राहिली.